बंदीच्या कायद्यावरची दुकानदारी

मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर एक चौकट असते. गणपती, साईबाबा किंवा मूकाम्बिका यांच्या शेजारी, बहुतेक वेळा थोडी तिरकी. तिच्यात एफएल-3 अनुज्ञप्ती, म्हणजे गिऱ्हाइकाला बसवून विदेशी मद्य पाजण्याचं लायसन्स असतं. गिऱ्हाईक ती वाचत नाही, मालकही वाचत नाही. मी वाचतो, कारण हॉटेलवाल्यांना ती काढून देणं आणि दरवर्षी 31 मार्चच्या आत तिचं नूतनीकरण करून देणं यावर माझं पोट चालतं. ठाण्याला बसतो, शेट्टी मंडळींना 'अण्णा' म्हणतो, ते मला 'लायसन्सवाले साहेब' म्हणतात.

त्या कागदावर कायद्याचं नाव असतं: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. राज्यातला एकूण एक बार, पंचतारांकित हॉटेलातला असो की कुर्ल्याच्या गल्लीतला, दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. दारू विकण्याचा निराळा असा कायदा महाराष्ट्रात नाही. मूळ नियम बंदीचा. अनुज्ञप्ती म्हणजे त्या बंदीतून दिलेली सूट, आणि तीही वर्षापुरती. नवीन शेट माझ्याकडे येतो तेव्हा हे मी त्याला पहिल्यांदा सांगतो. तो हसतो. पहिली तपासणी झाली की हसत नाही.

सूट नुसती विकणाऱ्याला असून भागत नाही, पिणाऱ्यालाही लागते. कायद्याने प्रत्येक पिणाऱ्याच्या खिशात परवाना हवा. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी 5 रुपयांना, देशीसाठी 2 रुपयांना; आयुष्यभराचा 1000 रुपयांना. कडक दारूसाठी वय 25, बीअर-वाइनसाठी 21. बारमध्ये बसलेल्या शंभर माणसांपैकी किती जणांकडे तो असतो, ते वाचकांनी आपापल्या मनाला विचारावं. एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं मालक आणून ठेवतात आणि त्यांवर नावं चढतात. कसली नावं, ते मी इथे लिहीत नाही. मला अजून काही वर्षं धंदा करायचा आहे. पण त्या परवान्यात पिण्याचं जे कारण धरलेलं आहे ते फार जुनं आहे: प्रकृतीचं रक्षण. सरकारी कागदानुसार महाराष्ट्रात चैन म्हणून कोणी पीत नाही, सगळे तब्येतीसाठी पितात.

हे असं का, याचं उत्तर शोधायला मी कधी ग्रंथालयात गेलो नव्हतो. फायली करताना नियमांच्या नावापुढची सालं दिसायची: 1952, 1953, 1954. सगळी बंदीच्या ऐन भराच्या काळातली. बंदी कडक असताना दारू विकण्याचे इतके नियम कशाला केले असतील, या प्रश्नाने मी मागे मागे जात राहिलो, तो थेट माझ्या पणजोबांपर्यंत पोचलो.

आम्ही भंडारी. मूळ घर केळवे-माहीमकडचं. ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी, ही आमची पिढीजात कामं. कमरेला कोयता, पाठीला मडकं आणि झाडावर चढून पोई तासायची. झाडामागे कर असायचा, तो भरला की काढा आणि विका. घरात कोणी त्याला दारूचा धंदा म्हणत नसे, ती शेतीचीच एक बाजू होती. मुंबई बेटावरही तेव्हा माहीम, दादर, वरळीच्या वाड्यांत माड होते आणि माडांवर आमचेच लोक.

1878 साली मुंबई आबकारी कायदा आला आणि ही सगळी जुनी घडी मोडली. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी होता. मिठाचं उत्पन्न आणि आबकारी, दोन्ही खाती त्याच्याकडे. मीठ असो की मद्य, बघण्याची नजर एकच: वस्तू एका ठिकाणी तयार व्हावी, तिथेच मोजली जावी, बाहेर पडताना कर घेतला जावा. गावोगावच्या भट्ट्या बंद झाल्या, गाळण मोठ्या भट्ट्यांवर गेलं, झाडांवरचा कर वाढला. विक्रीच्या दुकानांचा मक्ता लिलावाने जाऊ लागला. जास्त बोली बोलणारा मक्तेदार, आणि तो बहुधा पारशी, कारण भांडवल त्यांच्याकडे होतं. उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, तिथून माल मुंबईत यायचा. पुढे 1892 साली तर मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं आली. ज्या कातकऱ्याच्या, वारल्याच्या अंगणात मोह उभा होता, तो झाडाखालचं फूल उचलल्याबद्दल गुन्हेगार ठरू शकत होता. आजही वारली पाड्यावर हातभट्टीची केस झाली की मला हा कायदा आठवतो. रद्द होऊन जमाना झाला, पण पोलिसांची त्या पाड्याकडे बघण्याची नजर तिथूनच आलेली आहे, असं माझं मत आहे.

इंग्रज सरकारचं धोरण तोंडाने असं होतं की, कमीत कमी दारू प्यायली जावी आणि तिच्यातून जास्तीत जास्त उत्पन्न यावं. आजचं कुठलंही मद्यधोरण उघडा, दुसरं काही सापडत नाही. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल उत्पन्न आबकारीचं होतं. त्यामुळे दारूविरुद्ध बोलणं हे आपोआप सरकारविरुद्ध बोलणं होऊ लागलं. 1880 साली पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूगुत्त्यांबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं. 1908 च्या वसंतात टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांवर निरोधन झालं, स्वयंसेवक गुत्त्याच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवत. आणि 17 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हा दंगल पेटली, तीत पारश्यांच्या दारूच्या दुकानांवर हल्ले झाले. दुकानदार पारशी, राजपुत्राच्या स्वागताला गेलेलेही पारशी. राग एकाच दारात साचला.

मग सत्ता काँग्रेसच्या हातात आली आणि बोलल्याप्रमाणे करण्याची वेळ आली. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ, आणि त्यात आबकारी खातं डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर, गांधीजींना तपासणारे, आणि स्वतः पारशी. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात आणि उपनगरांत दारूबंदी लागू झाली. बुडणारं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर 10 टक्के कर बसला. म्हणजे पारश्यांचा धंदाही गेला आणि इमारतींवर करही आला, आणि हे करणारा मंत्री आपल्यातलाच! गिल्डरांना जातभाईंच्या किती शिव्या खाव्या लागल्या असतील याची कल्पना करता येते. पण नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती बंदी पुढे ढिली पडत गेली.

स्वातंत्र्यानंतर मात्र ढिलाई नव्हती. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 च्या जूनमध्ये अमलात आला आणि 6 एप्रिल 1950 पासून संबंध मुंबई राज्यात पूर्ण बंदी लागू झाली. गुजरातही तेव्हा त्यातच. गृहमंत्री मोरारजी देसाई. या कायद्याचा मसुदा ज्याने केला त्याच्या हाताला मात्र मी, धंद्याच्या दृष्टीने, दाद देतो. बनवणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं, नेणं-आणणं, पिणं या सगळ्या क्रिया एकेक करून बंद केल्या आणि मग प्रत्येक बंद दाराला एक छोटी खिडकी ठेवली. आजाऱ्यासाठी प्रकृतीचा परवाना. घरात औषधापुरती ब्रँडी ठेवायला तातडीचा परवाना. परदेशी पाहुण्यासाठी निराळा, वकिलातीतल्या माणसांसाठी निराळा. लष्कराच्या मेससाठी सवलत. त्या खिडक्यांचं व्यवस्थापन करायला 1952, 1953 आणि 1954 चे ते नियम आले. मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं: एवढी कडक बंदी राबवायची म्हणूनच सवलतींचे इतके नियम लागले.

पहिलं आव्हान एका पारशी गृहस्थानेच दिलं. एफ. एन. बलसारा यांनी हायकोर्टात जाऊन मागितलं की मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, औषधी वाइन, ओ-डी-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर बाळगू आणि वापरू द्या. अत्तराच्या बाटलीचा उल्लेख करण्यामागे वकिली डोकं होतं, कारण कायद्याची 'दारू'ची व्याख्या इतकी ऐसपैस होती की मद्यार्क असलेलं सगळंच तिच्यात यायचं. 25 मे 1951 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: दारूबंदी करण्याचा राज्याला अधिकार आहे, कायदा उभा राहील, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी टिकणार नाही. घटनेच्या अभ्यासकांना हा खटला पाठ असतो. मुंबईच्या पिणाऱ्यांनी त्यातून एवढंच घेतलं की टिंचर आणि आसव दुकानात मिळतं. औषधाच्या दुकानांत मग अचानक पोटाचे रोगी वाढले.

बाकीच्यांसाठी आंटी होत्या. वांद्र्याच्या, माझगावच्या, धोबीतलावच्या ख्रिस्ती वस्त्यांतल्या बायका. कोणाचा नवरा बोटीवर, कोणाचा वारलेला, आणि घरातल्या पुढच्या खोलीत चार टेबलं. माल हातभट्टीचा: काळा गूळ, नवसागर, सडकी फळं, गोव्याहून किंवा दमणहून काही आलं तर निराळा भाव, कारण दोन्हीकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि बंदी नव्हती. सोबत उकडलेलं अंडं किंवा चणे. हप्ता ठरलेला. मी लहान असताना आमच्या चाळीतले एक गृहस्थ संध्याकाळी 'आंटीकडे जाऊन येतो' म्हणायचे आणि मला वाटायचं त्यांचे नातेवाईक फार प्रेमळ आहेत.

हे सगळं आठवणीत गोड होऊन बसलंय, त्यावर लोक हळवे होऊन लिहितात. मला तो हळवेपणा झेपत नाही. त्याच खोल्यांच्या मागे मोठी भट्टी आणि मोठा पैसा होता. अँटॉप हिल, धारावी, माटुंगा लेबर कॅम्प या भागातल्या भट्ट्यांतून वरदराजन मुदलियार उभा राहिला आणि मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास त्याचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. आणि हातभट्टी बंदीबरोबर संपलीही नाही. 2004 च्या डिसेंबरात विक्रोळीला आणि 2015 च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने माणसं मेली, मालवणीत शंभरावर. मेले ते परमिट रूममध्ये बसू न शकणारे.

सरकारला पर्याय द्यायचा नव्हता असं नाही. बंदीच्या काळात नीरेची केंद्रं उघडली, त्याच ताडा-माडाचा रस, फक्त आंबू न देता. माझे आजोबा नीरा काढायचे. सूर्य वर यायच्या आत ती केंद्रावर पोचली नाही तर तिची ताडी व्हायची आणि आजोबांचा गुन्हेगार. मडक्याला चुना लावून वेळ वाढवता यायची, पण फार नाही.

1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. कायदा दोघांनीही तोच ठेवला. गुजरातने बंदी चालू ठेवली, आजही आहे. महाराष्ट्राने कायद्याला हात न लावता नियम सैल केले. या राज्याचं दारूधोरण हे बहुतांशी नियमांच्या दुरुस्त्यांचंच धोरण राहिलं आहे. बंदी उठवली असं कोणी विधानसभेत उभं राहून म्हणालं असतं तर वादळ झालं असतं. वयाची अट कमी केली, डॉक्टरचं सर्टिफिकेट काढून टाकलं, परवान्याची फी बसवली, याने वादळ होत नाही. वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात हे टप्प्याटप्प्याने झालं. देशी दारूचे नियम 1973 मध्ये आले. राज्याला पैसा हवा होता, साखर कारखान्यांकडे मळी पडून होती, आणि मळीतून मद्यार्क निघतो, हेही विसरू नये.

परमिट रूम ही या सैलपणाची अस्सल मराठी उपज. परवानाधारकाने प्यायचं तर ठरलेल्या खोलीत. ती खोली खाण्याच्या भागापासून वेगळी, बाहेरून न दिसणारी. त्यातून जे वास्तुशास्त्र तयार झालं ते मुंबईकराला डोळे मिटून ओळखता येतं: काळी किंवा हिरवी काच, स्प्रिंगचं जड दार, आत शिरल्यावर दोन मिनिटं काही न दिसणारा अंधार, उंच पाठीचे कोच, फिश टँक, आणि पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. 'फॅमिली' पुढच्या भागात डोसा खाते. लोक म्हणतात अंधार मालकांनी आवडीने केला. काहींनी केलाही असेल. पण जो नकाशा एक्साइजला जोडावा लागतो, ज्याच्यावर मद्यपानाची जागा रंगीत रेघेने दाखवावी लागते, तो बघितला की कळतं, अंधार आधी कागदावर येतो.

या खोल्यांत पहिल्यांदा गेले ते इराणी. कोपऱ्यावरचं हॉटेल, संगमरवरी टेबलं, ब्रून-मस्का, आणि पदार्थाच्या किमतीत भाडंही निघेना. कित्येकांनी सत्तरच्या दशकात बीअरचं लायसन्स घेतलं. आरसे तेच, खुर्च्या त्याच, फक्त दुपारी तीनला गर्दी दिसू लागली. त्यांच्या मागून उडुपी-मंगळुरी मंडळी आली आणि हा धंदा त्यांनी ज्या शिस्तीने बांधला तसा कोणी बांधला नाही. भांडी घासण्यापासून सुरू केलेला मुलगा कॅप्टन होतो, मग मॅनेजर, मग कोणाच्या लायसन्सवर चालवायला घेतो. 'आहार' ही त्यांची संघटना 1979 ची. पंचतारांकितांचं जग वेगळं. ताजमधला हार्बर बार 1933 चा, मुंबईतलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स त्याचं, असं सांगतात. माझे अशील तिथे पितात कधीमधी, पण तिथली फाइल माझ्या टेबलावर येत नाही.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. रस्त्यावरच्या 'वाइन शॉप'चं, म्हणजे एफएल-2 चं नवं लायसन्स सत्तरच्या दशकापासून निघालेलं नाही. देशीच्या दुकानाचंही तसंच. शहरं दसपट झाली, दुकानं तेवढीच. म्हणून जुनं लायसन्स कोटींनी हस्तांतरित होतं, आणि त्या लायसन्ससाठी भावाभावांत कोर्टबाजी चालते. परमिट रूमला मात्र नवी अनुज्ञप्ती मिळू शकते, जिल्हाधिकाऱ्यांकडून, उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या अहवालावर. त्यामुळे दुकान न मिळालेला पैसा परमिट रूमकडे वळला. प्रत्येक नाक्यावर बार का, या प्रश्नाला नीतीची भाषणं होतात. पण पहिलं कारण हे साधं, कार्यालयीन आहे.

फाइल कशी होते ते सांगतो, कारण हा इतिहास तिच्यातच सगळा गोठलेला आहे. जागेचे कागद, भाडेकरार, महापालिकेचं आरोग्य लायसन्स, अग्निशमन, गुमास्ता, पोलिसांचं ना-हरकत. प्रत्येक नोकराचा नोकरनामा, म्हणजे या माणसाला दारू हाताळायला परवानगी आहे असा कागद. माल फक्त घाऊक अनुज्ञप्तीवाल्याकडून, वाहतूक पासासह. रोजची नोंदवही, ब्रँडनिहाय, पेगनिहाय. तीस आणि साठ मिलीची मापं वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेली. तपासनीस कपाट उघडतो, अर्धी बाटली उचलून पट्टी लावतो, नोंदवहीशी ताळा करतो. दोन पेग जास्त निघाले तरी प्रकरण, कमी निघाले तरी प्रकरण.

आणि अंतर. शाळा किंवा धार्मिक संस्थेपासून 75 मीटर. ही मोजणी मी इतक्या वेळा बघितली आहे की तिचं कीर्तन करू शकेन. अंतर सरळ रेषेत धरत नाहीत. बारच्या दाराच्या मध्यापासून संस्थेच्या दाराच्या मध्यापर्यंत, पायी माणूस ज्या वाटेने जातो त्या वाटेने. त्यामुळे दार कुठल्या गल्लीत काढायचं यावर लाखोंचा फरक पडतो. धार्मिक संस्था म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली. पिंपळाखालचा मारुती नियमात बसत नाही, मग त्याला कितीही नवस बोललेले असोत. शाळा म्हणजे मान्यताप्राप्त. खासगी क्लास शाळेत मोडत नाही. एका अशिलाचा बार क्लासच्या बरोबर खाली होता. पोरांचे बाप आठवड्यातून एकदा त्यांना न्यायला लवकर यायचे.

विरोधाला कायद्यात जागा कधी नव्हती, ती 2000 नंतर मिळाली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली तर मतदान, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दारू बंद करण्यासाठी, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार निवडून यायला एवढी लागत नाहीत. तरी बायकांनी दुकानं बंद पाडली आहेत, आणि त्यात माझ्या अशिलांचीही गेली. अशा वेळी मला फीचं वाईट वाटतं, निकालाचं नाही. माझी आई होती त्या चाळीत मतदान झालं असतं तर तिने दोनदा शिक्का मारला असता.

जिल्हेच्या जिल्हेही कोरडे झाले. वर्धा 1970 च्या दशकात, गांधींचं म्हणून. गडचिरोली 1993 मध्ये, तिथल्या लोकांच्या चळवळीतून. चंद्रपूर 1 एप्रिल 2015 ला. सहा वर्षांनी, 2021 मध्ये, चंद्रपूरची बंदी उठली आणि बंद पडलेल्या अनुज्ञप्त्या पुन्हा जिवंत करण्याचे अर्ज सुरू झाले. तिकडच्या एका ओळखीच्या मालकाने मधली सगळी वर्षं चौकट भिंतीवरून काढली नव्हती. बारच्या जागी त्याने खानावळ चालवली, भाकरी-ठेचा, आणि गिऱ्हाईक ती चौकट बघून हसायचं.

डान्स बारबद्दल मला लोक फार विचारतात. मी थोडक्यात आटोपतो. 2005 मध्ये बंदी, 2006 मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला, पुन्हा नवे कायदे, आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांतल्या बऱ्याच अटी उडाल्या. कायद्याच्या पानांवर मालक जिंकले. बारमध्ये नाचणाऱ्या ज्या बायका 2005 मध्ये एका रात्रीत रस्त्यावर आल्या, त्यांना यातलं काही मिळालं नाही.

माझ्या धंद्यातलं सगळ्यात वेडं वर्ष मात्र 2017. सुप्रीम कोर्टाने 15 डिसेंबर 2016 ला सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. पुढे वीस हजारांपर्यंतच्या वस्तीत ते 220 मीटर झालं. 1 एप्रिलपासून शटर बंद. जे लोक 75 मीटरसाठी भांडत होते ते आता अर्धा किलोमीटर मोजू लागले. मोठी दालनं असलेल्या मालकांनी प्रवेशद्वार मागच्या बाजूला नेलं, आतून वळणाचे रस्ते काढायची स्वप्नं बघितली. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की बार हलवता येत नाही तर रस्ता हलवावा. शहरातून जाणारे राज्य महामार्ग महापालिकांकडे, नगरपालिकांकडे वर्ग करण्याचे प्रस्ताव निघाले. डांबर तेच, खड्डे तेच, पण महामार्ग नाही. जुलैमध्ये कोर्टानेच शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत मोकळीक दिली आणि शटर वर गेली. तोवर ज्यांनी नोकर काढून टाकले होते त्यांचे नोकर गावाला पोचून शेतीला लागले होते.

मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, दारू घरपोच देण्याची मुभा आली. घरपोच कोणाला? परवानाधारकाला. आयुष्यभर ज्यांनी परवान्याचं तोंड पाहिलं नव्हतं असे लोक मला फोन करू लागले, काका, ते परमिट कसं काढायचं? ऑनलाइन अर्ज, फोटो, आधार. सत्तर वर्षांपूर्वी आजाऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या खिडकीशी, साथीच्या काळात, धडधाकट माणसांची रांग लागली होती. माझ्या डॉक्टर साडूनेही काढला.

सध्या मालक वैतागले आहेत ते करांवर. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 टक्क्यांचा 10 टक्के झाला. 2025 मध्ये अनुज्ञप्तीची फी वाढली, उत्पादन शुल्कही वाढलं. 14 जुलै 2025 ला बारवाल्यांनी निषेध म्हणून राज्यभर एक दिवस बंद पाळला. 2 ऑक्टोबर, दारूबंदी सप्ताहाचा शेवट, आषाढी, अनंत चतुर्दशी, मतदानाच्या आधीचे 48 तास असे सगळे ड्राय डे सरकारच्या आदेशाने पाळणाऱ्या लोकांनी स्वतःहून एक जास्तीचा पाळला. त्या दिवशी संध्याकाळी एक अण्णा माझ्या टेबलाशी बसून हिशेब करत होते: फी इतकी, व्हॅट इतका, भाडं इतकं. म्हणाले, साहेब, पुढच्या मार्चला रिन्यू करू की नको? मी त्यांना सांगितलं, करा. एकदा खंड पडला तर नवा अर्ज, नवा नकाशा, नवी मोजणी. आणि मागच्या गल्लीत गेल्या वर्षी एक बालवाडी उघडली आहे, मान्यताप्राप्त.